तीन मूर्ती ते रेसकोर्स रोड : पंतप्रधानांच्या घराचा शोध

ऑगस्ट १९४७ ते १९९० या त्रेचाळीस वर्षांत भारताने सात पंतप्रधान पाहिले. दोन वेळा हंगामी पंतप्रधान झालेले गुलझारीलाल नंदा धरले तर आठ. या काळात चार युद्धे झाली, आणीबाणी आली आणि गेली, राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. मात्र देशाच्या पंतप्रधानाने राहायचे कोठे, याचे कायमचे उत्तर सरकारदरबारी नव्हते. त्या न मिळालेल्या उत्तराचा हा धागा.

आरंभ राज्यघटनेपासून करावा लागतो. अनुच्छेद ५९ सांगतो की राष्ट्रपतींना भाडे न देता आपल्या अधिकृत निवासस्थानांचा वापर करता येईल. अनुच्छेद १५८ मध्ये राज्यपालांसाठी तशीच तरतूद आहे. पंतप्रधानांच्या घराविषयी घटना एक शब्दही बोलत नाही. मंत्र्यांचे वेतन व भत्ते संसदेने ठरवावेत, एवढेच ती सांगते. त्यानुसार १९५२ मध्ये झालेल्या कायद्याने मंत्र्याला पदावर असेपर्यंत आणि त्यानंतर थोडा काळ बिनभाड्याचे, सुसज्ज निवासस्थान दिले. पंतप्रधान हाही मंत्रीच. म्हणून त्यालाही एक घर. कोणते घर, हे कोणी लिहून ठेवले नाही.

कारण उघड होते. राष्ट्रपतींचे घर व्हाइसरॉयकडून आले, राज्यपालांची घरे गव्हर्नरांकडून आली. पंतप्रधान हे पद ब्रिटिश भारतात नव्हतेच. ज्या पदाला पूर्वसुरी नाही, त्याच्या वाट्याला वारशाने घर येत नाही. व्हाइसरॉयच्या प्रासादाचे रुग्णालय व्हावे, अशी गांधीजींची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही आणि प्रासाद राष्ट्रप्रमुखाकडे गेला. सरकारप्रमुखाने मात्र उरलेल्या घरांतून एखादे निवडायचे होते.

सप्टेंबर १९४६ मध्ये हंगामी सरकार स्थापन झाले, तेव्हा जवाहरलाल नेहरू १७ यॉर्क रोड या बंगल्यात राहत होते. आज त्या रस्त्याचे नाव मोतीलाल नेहरू मार्ग आहे. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री संविधान सभेतील त्या सुप्रसिद्ध भाषणासाठी नेहरू याच घरातून निघाले. नव्या दिल्लीच्या मापाने हा बंगला बेताचाच होता. फाळणीनंतर राजधानीत लोटलेल्या निर्वासितांचा ओघ त्याच्या दारापर्यंत पोहोचत असे.

३० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनाच्या हिरवळीवर गांधीजींची हत्या झाली आणि सर्वच नेत्यांच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. पंतप्रधानांनी अधिक मोठ्या, संरक्षणास सोयीच्या वास्तूत जावे, असा आग्रह सुरू झाला. नेहरूंची फारशी इच्छा नव्हती. तरीही ऑगस्ट १९४८ मध्ये ते ‘फ्लॅगस्टाफ हाउस’मध्ये राहायला गेले.

ही वास्तू कोणाची होती, हे समजून घेतल्याशिवाय या स्थलांतराचा अर्थ पुरता उलगडत नाही.

फ्लॅगस्टाफ हाउस हे ब्रिटिश भारताच्या सरसेनापतींचे निवासस्थान. वास्तुविशारद रॉबर्ट टोर रसेल; बांधकाम १९३० मध्ये पूर्ण झाले. नव्या दिल्लीतील प्रत्येक भव्य इमारत एडविन ल्युटेन्सच्या नावावर जमा करण्याची सवय आपल्याकडे आहे, तिला या घराने छेद जातो. कॅनॉट प्लेसही रसेलचेच, जनपथावरील ईस्टर्न कोर्ट आणि वेस्टर्न कोर्टही त्याचेच. घराचे स्थानही सहज निवडलेले नव्हते. व्हाइसरॉयच्या प्रासादाच्या दक्षिणेस, त्याच्याकडे तोंड करून ते उभे आहे. साम्राज्याच्या उतरंडीत व्हाइसरॉयखालोखाल सरसेनापतींचा दबदबा होता आणि शहराच्या नकाशात तो दगडात कोरला गेला. हा दबदबा किती खरा होता, हे १९०५ मध्ये दिसले होते. लष्करी कारभार कोणाच्या हाती असावा, या वादात सरसेनापती किचनर यांच्यापुढे व्हाइसरॉय कर्झन यांचे काही चालले नाही आणि कर्झन यांना पद सोडावे लागले.

घरासमोरच्या चौकात घरापेक्षा जुने असे एक स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात पश्चिम आशियात लढताना कामी आलेल्या जोधपूर, हैदराबाद आणि म्हैसूर या संस्थानांच्या घोडदळातील सैनिकांचे ते स्मृतिचिन्ह. लिओनार्ड जेनिंग्ज या शिल्पकाराने घडवलेले तीन सैनिक एका स्तंभाभोवती उभे आहेत. या तीन पुतळ्यांवरून चौकाला नाव मिळाले आणि चौकावरून, स्वातंत्र्यानंतर, घराला. म्हणजे ‘तीन मूर्ती’ हे नाव ना देवतांचे, ना नेत्यांचे. ते संस्थानी शिपायांचे आहे. जानेवारी २०१८ मध्ये चौकाच्या नावात ‘हैफा’ हा शब्द जोडला गेला. सप्टेंबर १९१८ मध्ये हैफा शहर घेणाऱ्या घोडदळाची ती आठवण.

त्याच आवारात आणखी जुने काही आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने शिकारीसाठी बांधलेला ‘कुशक महाल’ आजही तेथे उभा आहे. सत्ताधीशांना ही जागा आवडण्याची सुरुवात बरीच आधीची म्हणायची.

या घराचे अखेरचे ब्रिटिश सरसेनापती क्लॉड ऑकिन्लेक. १५ जानेवारी १९४९ रोजी के. एम. करिअप्पा पहिले भारतीय सरसेनापती झाले, तेव्हा सरसेनापतींचा तो प्रासाद पंतप्रधानांचे घर होऊन काही महिने लोटले होते. हा तपशील किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. शेजारच्या पाकिस्तानात १९५८ मध्ये सरसेनापती अयुब खान यांनी सत्ता हाती घेतली. भारतात निवडून आलेल्या सरकारचा प्रमुख सरसेनापतींच्या घरात राहायला गेला आणि सेनाप्रमुखांना दुसऱ्या, लहान बंगल्याकडे वळावे लागले. घरांच्या अदलाबदलीने लोकशाही टिकते असे कोणी म्हणणार नाही. परंतु नव्या राज्यात कोण कोणाच्या हाताखाली आहे, हे राजधानीतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला त्यातून कळले असणार.

घर भव्य होते, पण राहण्याजोगे नव्हते. लांबच लांब मार्गिका, उंच छतांची दालने आणि भिंतींवर ब्रिटिश सेनानींची पुरुषभर उंचीची तैलचित्रे. ती उतरवून संरक्षण मंत्रालयाकडे पाठवली आणि मग रिकाम्या भिंती डोळ्यांत खुपू लागल्या, अशा आशयाची आठवण इंदिरा गांधींनी पुढे लिहून ठेवली आहे. वडिलांचे घर सांभाळण्यासाठी त्या आपल्या दोन मुलांसह तेथे राहू लागल्या. फिरोज गांधी खासदार झाल्यावर त्यांनी खासदाराच्या वाट्याला येणाऱ्या स्वतंत्र घरात राहणे पसंत केले. एका कुटुंबातील ताण, सरकारी घरवाटपाच्या नोंदीतही असा उमटतो.

सोळा वर्षे तीन मूर्ती हे केवळ घर नव्हते. सकाळी आवारात सामान्य माणसे पंतप्रधानांना भेटायला येत. परदेशी पाहुणे तेथे उतरत. बागेत भेटीदाखल आलेले लाल पांडा होते, काही काळ वाघाचे बछडेही होते. नेहरूंची स्वतःची खोली मात्र साधी होती. मुख्य सोहळ्याची दालने आणि निजायची खोली यांतला हा विरोध आजही तेथे गेलेल्या माणसाच्या लक्षात राहतो.

आणि येथेच गाठ पडली. सोळा वर्षे एकच माणूस पंतप्रधान, एकच घर त्याचे. पद नवे, व्यक्ती प्रचंड लोकप्रिय. घर पंतप्रधानांचे की नेहरूंचे, हा प्रश्न विचारण्याची वेळच आली नाही. ती आली २७ मे १९६४ रोजी. त्या दुपारी नेहरूंचे निधन याच घरात झाले.

या ठिकाणी दिल्ली सोडून काही क्षण लंडनला जाणे आवश्यक आहे. कारण हाच प्रश्न तेथे सव्वादोनशे वर्षे आधी विचारला गेला होता.

१७३२ मध्ये राजा दुसरा जॉर्ज याने डाउनिंग स्ट्रीटवरील घर रॉबर्ट वॉल्पोलला देऊ केले. वॉल्पोल हा इंग्लंडचा पहिला पंतप्रधान मानला जातो. त्याने ही भेट व्यक्तिशः स्वीकारण्यास नकार दिला. घर द्यायचे तर ते ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’ या पदाला द्यावे, म्हणजे आपल्यानंतर जो त्या पदावर येईल त्याला ते मिळेल, अशी त्याची अट होती. वॉल्पोल संतपुरुष नव्हता; पैशाच्या बळावर संसद कशी सांभाळावी, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तरीही घराच्या बाबतीत त्याने घातलेली अट टिकली. १७३५ मध्ये तो तेथे राहायला गेला आणि पद सुटल्यावर बाहेर पडला. १० डाउनिंग स्ट्रीटच्या दारावरील पितळी पत्रपेटीवर आजही पंतप्रधान हा शब्द नाही. ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’ असे आहे. एकोणिसाव्या शतकातील कित्येक पंतप्रधान तेथे राहत नसत, त्यांची स्वतःची घरे अधिक ऐसपैस होती. तरी घर पदाचेच राहिले.

दिल्लीत १९६४ मध्ये वॉल्पोलची अट घालणारे कोणी नव्हते. तीन मूर्ती भवन नेहरूंचे स्मारक करावे, असा निर्णय झाला. १४ नोव्हेंबर १९६४ रोजी, नेहरूंच्या पंचाहत्तराव्या जयंतीस, राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. शोकाकुल देशाला हे स्वाभाविक वाटले. नव्या पंतप्रधानांनाही त्या भव्य वास्तूची ओढ नव्हती.

लालबहादूर शास्त्री १० जनपथ येथे राहिले. शास्त्रींची राहणी पाहता तीन मूर्तीची दालने त्यांना परकीच वाटली असती. पण व्यक्तीच्या साधेपणाने एक संस्थात्मक प्रश्न झाकला गेला, हेही म्हणावे लागते. शास्त्रींना मोठे घर नको होते, ही त्यांची थोरवी. त्यांच्यानंतरच्या पंतप्रधानांना कोणते घर मिळावे, हे ठरवणे वेगळे काम होते आणि ते राहून गेले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या निर्णयाबद्दल नाक मुरडताना जरा थांबावे. तीन मूर्तीच्या आवारात १९६६ पासून जी संस्था उभी राहिली, तिच्या ग्रंथालयाने आणि अभिलेखागाराने आधुनिक भारताच्या इतिहासलेखनाला आधार दिला. नेत्यांचे खासगी पत्रव्यवहार, संस्थांची दप्तरे, जुन्या वृत्तपत्रांच्या सूक्ष्मफिती, मुलाखतींच्या नोंदी हे सारे तेथे जमले. ग्रंथालयाची स्वतंत्र इमारत १९७४ मध्ये झाली. काँग्रेसचे टीकाकार असोत की समर्थक, विसाव्या शतकावर गंभीरपणे लिहिणाऱ्याला तीन मूर्तीची पायरी चढावीच लागते. घर गमावून देशाने काही कमावलेच नाही, असे नव्हे.

जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे शास्त्रींचे आकस्मिक निधन झाले आणि इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या. शास्त्रींच्या मंत्रिमंडळात माहिती व नभोवाणी मंत्री असताना त्यांना १ सफदरजंग रोड हा बंगला मिळाला होता. पंतप्रधान झाल्यावर त्या तेथेच राहिल्या. म्हणजे एका मंत्र्याला मिळालेले घर, मंत्री पंतप्रधान झाली म्हणून, पंतप्रधानांचे घर झाले.

हा प्रकार दिल्लीपुरता नव्हता. मुंबईत यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना मलबार हिलवरील ‘सह्याद्री’ हे मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान होते. डिसेंबर १९६३ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. मंत्री म्हणून ते ‘वर्षा’ बंगल्यात राहत होते आणि तेथेच राहिले. पुढे मुख्यमंत्र्यांचे घर म्हणून ‘वर्षा’च रूढ झाले आणि ‘सह्याद्री’ राज्याचे अतिथिगृह बनले. फरक इतकाच की मुंबईत त्या घराचे स्मारक झाले नाही. नाईकांनंतर ते पुढच्या मुख्यमंत्र्यांकडे गेले.

१ सफदरजंग रोड हा बंगला पंतप्रधानांच्या कामाला अपुरा पडू लागला, तेव्हा मागच्या बाजूचा १ अकबर रोड हा बंगला भेटीगाठींसाठी आणि कार्यालयासाठी जोडून घेण्यात आला. दोन बंगल्यांच्या मध्ये बागेतून जाणारी वाट आणि एक फाटक. १९७७ मध्ये निवडणूक हरल्यावर इंदिरा गांधींना हे घर सोडावे लागले आणि त्या १२ विलिंग्डन क्रेसेंट येथे गेल्या. १९८० मध्ये सत्तेवर परतल्यावर पुन्हा सफदरजंग रोड. मधल्या काळातील चरणसिंह पंतप्रधान असतानाही आपल्या १२ तुघलक रोड या घराशी बांधलेले राहिले. या घराची गोष्ट पुढे येईल.

३१ ऑक्टोबर १९८४. सकाळी नऊ वाजून गेले होते. पीटर उस्तिनोव्ह हे ब्रिटिश अभिनेते एका चित्रीकरणासाठी पंतप्रधानांची मुलाखत घ्यायला १ अकबर रोडच्या हिरवळीवर थांबले होते. इंदिरा गांधी राहत्या घरातून निघाल्या आणि बागेतील वाटेने चालू लागल्या. दोन बंगल्यांना जोडणाऱ्या त्या फाटकाजवळ त्यांच्याच दोन सुरक्षारक्षकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

या हत्येची कारणे घराच्या रचनेत शोधणे हास्यास्पद ठरेल. ऑपरेशन ब्लू स्टार, पंजाबातील रक्तपात, सुरक्षा यंत्रणेतील चुका यांचा तो परिणाम होता आणि त्यानंतर दिल्लीत शिखांचे जे हत्याकांड झाले, त्याची जखम अद्याप भरलेली नाही. परंतु एवढे खरे की सोयीसाठी जोडलेले दोन शेजारचे बंगले हे एका अण्वस्त्रक्षम देशाच्या सरकारप्रमुखाचे नियोजनपूर्वक उभारलेले निवासस्थान नव्हते. पंतप्रधानांच्या घराचा विचार करण्यास त्या वाटेवरील रक्ताने भाग पाडले.

१ सफदरजंग रोडचेही स्मारक झाले. ज्या वाटेवर त्या कोसळल्या, ती आज काचेखाली जपलेली आहे. वीस वर्षांच्या अंतराने पंतप्रधानांचे दुसरे घर संग्रहालयाच्या रांगेत गेले. शास्त्रींचे स्मारकही कालांतराने १० जनपथला लागूनच उभे राहिले.

राजीव गांधींच्या काळात सुरक्षेची संपूर्ण घडी बदलली. १९८५ मध्ये पंतप्रधानांच्या संरक्षणासाठी विशेष दल स्थापन झाले, १९८८ मध्ये त्यासाठी कायदा झाला. राजीव ७ रेसकोर्स रोड येथे राहू लागले. हे एक घर नव्हते; ओळीने असलेल्या बंगल्यांचा तो समूह होता आणि ते बंगले रसेलच्याच पिढीतील नव्या दिल्लीचे होते. कडेकोट पहाऱ्यासाठी एक रस्ता, एक फाटक, एक आवार पुरेसे होते, आणि ते येथे शक्य होते.

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाले. राजीव गांधींनी रेसकोर्स रोड सोडला आणि ते १० जनपथ येथे गेले. १९९० मध्ये सरकारने ठरवले की ७ रेसकोर्स रोड हेच यापुढे पंतप्रधानांचे कायमचे अधिकृत निवासस्थान. मंडल आणि मंदिर यांच्या गदारोळात बुडालेल्या त्या वर्षी या निर्णयाची कोणी फारशी दखल घेतली नाही. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या कारकिर्दीच्या पुस्तकांतही तो सहसा सापडत नाही. वॉल्पोलची अट भारतात लागू झाली ती अशी, एका अल्पकालीन, डळमळीत सरकारच्या हातून. ज्यांची बहुमते अभेद्य होती, त्यांना ते सुचले नाही.

१, ३, ५, ७ आणि ९ अशा पाच विषम क्रमांकांच्या बंगल्यांचे मिळून हे संकुल बनले. यांतील ‘१ रेसकोर्स रोड’ हा पत्ता मराठी वाचकांना वेगळ्या कारणाने परिचित असेल. चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेलेल्या यशवंतराव चव्हाणांचे ते घर. महाराष्ट्रातून दिल्लीला जाणाऱ्या कार्यकर्त्यांचा, साहित्यिकांचा राबता त्या बंगल्यात असे. पंतप्रधानपदाच्या अगदी जवळ पोहोचूनही ते पद न मिळालेल्या या नेत्याचे घर, त्यांच्या निधनानंतर काही वर्षांतच पंतप्रधानांच्या आवाराचा भाग व्हावे, यातली विसंगती इतिहासाने मुद्दाम रचलेली नाही. पण ती नजरेतून सुटतही नाही. यशवंतरावांचे निधन २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत झाले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर महिना पुरा व्हायचा होता.

पंतप्रधानांचे घर ठरले. घरांची स्मारके करण्याची मागणी मात्र थांबली नाही. पायंडा एकदा पडला की तो पंतप्रधानांपुरता राहत नाही. ६ कृष्ण मेनन मार्ग येथे जगजीवनराम यांचे स्मारक झाले. प्रत्येक पक्षाकडे, प्रत्येक समाजाकडे आपला एक दिवंगत नेता होता आणि प्रत्येक नेत्याकडे एक सरकारी बंगला. अखेर २००० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की यापुढे सरकारी बंगल्यांचे स्मारकात रूपांतर करायचे नाही.

या निर्णयाची कसोटी २०१४ मध्ये लागली. लोकसभा निवडणुकीत पराभूत झालेल्या अजितसिंह यांना १२ तुघलक रोड सोडण्यास सांगण्यात आले. हे चरणसिंहांचे घर. ते स्मारक व्हावे अशी मागणी झाली, पश्चिम उत्तर प्रदेशातील शेतकरी रस्त्यावर उतरले. सरकारने २००० च्या निर्णयाकडे बोट दाखवले आणि नकार दिला. शेतकऱ्यांचा प्रश्न वरवर पाहता बिनतोड होता : नेहरूंचे घर स्मारक होते, इंदिराजींचे होते, जगजीवनराम यांचे होते, मग चरणसिंहांचेच का नाही? न्याय्य नियम उशिरा केला की जो पहिल्यांदा त्याच्या कचाट्यात सापडतो, त्याला तो अन्यायच वाटतो.

नियम पुढेही पाळला गेला. अटलबिहारी वाजपेयी २००४ नंतर ६-अ कृष्ण मेनन मार्ग येथे राहिले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे स्मारक राजघाट परिसरात झाले. बंगला पुढे दुसऱ्या मंत्र्याला देण्यात आला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील माजी मुख्यमंत्र्यांना तहहयात सरकारी बंगले देणारी तरतूद रद्द केली. पद संपले की ती व्यक्ती सामान्य नागरिक होते, हा त्यामागचा विचार.

या संदर्भात एका मराठी नेत्याचे घर आठवते, आणि त्यासोबत एक सर्रास केली जाणारी चूकही. कायदेमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ हार्डिंग अव्हेन्यू या सरकारी बंगल्यात राहत होते. तो रस्ता आज टिळक मार्ग म्हणून ओळखला जातो. १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर त्यांनी तो बंगला सोडला आणि २६ अलीपूर रोड या खासगी मालकीच्या घरात ते गेले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण तेथेच झाले. संविधानाचा मसुदा अलीपूर रोडच्या घरात लिहिला गेला, असे समाजमाध्यमांवर वारंवार वाचायला मिळते. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले. बाबासाहेब अलीपूर रोडला गेले त्यानंतर दोन वर्षांनी. तेथे त्यांचे अखेरचे मोठे काम झाले ते ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाचे. आज २६ अलीपूर रोडला राष्ट्रीय स्मारक आहे, एप्रिल २०१८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. मंत्री म्हणून मिळालेला बंगला त्यांनी पदासोबत परत केला होता; स्मारक झाले ते पद सोडल्यानंतरच्या घराचे.

रेसकोर्स रोडचे नाव सप्टेंबर २०१६ मध्ये ‘लोककल्याण मार्ग’ झाले. जवळच्या घोडदौडीच्या मैदानावरून पडलेले जुने नाव पंतप्रधानांच्या पत्त्यावरून गेले. मैदान आहे तेथेच आहे. नरसिंह राव, देवेगौडा, गुजराल, वाजपेयी, मनमोहन सिंग, नरेंद्र मोदी असे वेगवेगळ्या पक्षांचे पंतप्रधान या एकाच पत्त्यावर येत गेले. रामटेकमधून दोनदा लोकसभेवर निवडून गेलेले नरसिंह राव १९९६ मध्ये पराभवानंतर तेथून बाहेर पडले ते ९ मोतीलाल नेहरू मार्ग येथे. मावळत्या पंतप्रधानाचे सामान निघते, नव्याचे येते, आणि वृत्तपत्रांत त्याची चार ओळींची बातमी होते. चाळीस वर्षे जे जमले नाही, ते आता इतके नित्याचे झाले आहे. सेंट्रल व्हिस्टा प्रकल्पाच्या आराखड्यात पंतप्रधानांच्या नव्या निवासस्थानाचाही समावेश आहे. ते पूर्ण झाल्यास भारताच्या पंतप्रधानासाठी म्हणून मुद्दाम बांधलेले ते दिल्लीतील पहिले घर असेल. आजवरची सर्व घरे दुसऱ्या कोणासाठी तरी बांधलेली होती.

तीन मूर्तीच्या आवारात १४ एप्रिल २०२२ रोजी ‘प्रधानमंत्री संग्रहालय’ सुरू झाले आणि पुढच्या वर्षी तेथील संस्थेच्या नावातून नेहरूंचे नाव वगळण्यात आले. त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर वाद झाला. समर्थक म्हणाले, स्मारक एका व्यक्तीचे नको, पदाचे हवे. विरोधकांनी याला इतिहास पुसण्याचा प्रयत्न म्हटले. १९६४ मध्ये न विचारला गेलेला प्रश्न एकोणसाठ वर्षांनी, त्याच आवारात, घराऐवजी संग्रहालयाच्या पाटीवरून विचारला गेला. संग्रहालयाच्या नव्या इमारतीत आज सर्व पंतप्रधानांची दालने आहेत. पंतप्रधान म्हणून त्या आवारात वास्तव्य केलेला माणूस मात्र एकच, आणि जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्याची निजायची खोली होती तशी ठेवलेली आहे.